कोणाला सांगितलंस का?

मी धर्मभगिनी आहे आणि मला खुनाच्या गोष्टी आवडतात. आमच्या घरात हे कोणापासून लपलेलं नाही. माझे वडील साखर कारखान्यात होते. बसस्टँडजवळच्या वाचनालयातून ते बाबूराव अर्नाळकर आणायचे आणि पुस्तक परत जाण्याआधी मी ते फस्त करायची. झुंजार आणि काळापहाड माझ्या ओळखीचे झाले तेव्हा मला संतांची नावंही धड येत नव्हती. व्रतं घेतल्यावर ही चैन सुटेल असं वाटलं होतं. सुटली नाही. चेस्टरटनचा फादर ब्राउन धर्मगुरू, त्यामुळे मठाच्या कपाटात त्याला आडकाठी झाली नाही आणि त्याच्या वशिल्यावर बाकीचे आत आले.

हल्ली तर भगिनीच गुन्हे शोधतात. पीटर ट्रेमेन यांची सिस्टर फिडेल्मा सातव्या शतकातल्या आयर्लंडमधली. ती भगिनी आहे आणि तिथल्या कायद्याची जाणकार वकीलही. २०२२ मध्ये सिस्टर बॉनिफेसची मालिका आली, ती पोलिसांना विज्ञानाच्या अंगाने मदत करते. मठात किंवा शेजारी खून होतो, पोलीस भलत्यालाच धरतात, सिस्टर एखाद्या कपाच्या कडेकडे निरखून बघते आणि सगळं उलगडतं. खुनी गजाआड, सिस्टर प्रार्थनेला.

वाचताना मनात यायचं, हे आपल्याला जमलं असतं. ही बढाई नाही. आम्ही पाचजणी एका छपराखाली राहतो. जिन्यावर कोणाचं पाऊल कसं वाजतं, पहाटे पाणी प्यायला कोण उठतं, कोणाची जपमाळ खिशात आणि कोणाची उशीखाली, हे न सांगता कळतं. प्रार्थनागृहाबाहेर चपला ठरलेल्या जागी निघतात. एखादीने जागा बदलली तर ते दिवसभर खुपत राहतं. मागच्या दाराला दोन कड्या आहेत. पहाटे त्यातली एक जरी निघालेली दिसली तरी चहाच्या आधी प्रश्न येतो, मागे कोण गेलं होतं? ज्या घरात दिवसाचा प्रत्येक तास घंटेला बांधलेला आहे, तिथे जरा वेगळं काही घडलं तरी ते लपत नाही. हेरगिरीचं निम्मं शिक्षण आम्हाला अंगवळणीच पडलेलं असतं.

राहात्याला आमचं घर लहानसंच आहे, नगर-मनमाड रस्त्यापासून आत, पेरूच्या बागांच्या बाजूला. संसार न करता एकत्र राहणाऱ्या बायकांचं इथे कोणाला नवल वाटत नाही. जवळच साकुरीला उपासनी महाराजांचं कन्याकुमारी स्थान आहे. महाराज १९४१ मध्ये गेले, त्यानंतर गोदावरीमातांनी ते सांभाळलं. तिथल्या कन्या वेद म्हणतात, यज्ञ करतात. बाजारात एखादी आजी मला विचारते, "तुम्ही बी साकुरीच्या कन्यांवानीच ना?" मी हो म्हणते. फरक समजावत बसले तर भाजी घ्यायची राहते.

आमच्याकडे रात्री झोपण्याआधी आत्मपरीक्षण असतं. संत इग्नेशियसची ती रीत आहे: दिवसाबद्दल आभार मानायचे, प्रकाश मागायचा, मग दिवस पहिल्यापासून उलगडत जायचं आणि जिथे चुकलं तिथे थांबायचं. बहुतेक रात्री माझ्या हाती किरकोळ माल लागतो. चिडले, जेवणाला नावं ठेवली, प्रार्थनेत डुलकी लागली. यंदाच्या उपवासकाळात मी एकच प्रश्न घेऊन बसले. गोष्टीतल्या सिस्टरला जमतं ते मला जमेल का? माझ्याच घरात, माझ्याच माणसांतल्या कोणी तसं केलं तर?

हे नुसतं कल्पनेतलं राहिलेलं नाही. २७ मार्च १९९२, केरळातलं कोट्टयम, सेंट पायस टेन्थ कॉन्व्हेंट. सिस्टर अभया, घरचं नाव बीना थॉमस, विशीच्या आसपासची, बीसीएम कॉलेजात प्री-डिग्रीला. परीक्षेच्या अभ्यासासाठी पहाटे चारच्या सुमाराला उठली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. सकाळी ती आवारातल्या विहिरीत सापडली. स्वयंपाकघरात तिची एक चप्पल होती, पाण्याची बाटली पडलेली होती, दाराशी तिचं शिरोवस्त्र होतं. आधी स्थानिक पोलिसांनी आणि मग क्राइम ब्रँचने आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं. १९९३ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. वर्गीस थॉमस या अधिकाऱ्याचा निष्कर्ष खुनाचा होता. आत्महत्या लिहा, असा वरून दबाव आल्याचं त्यांनी उघडपणे सांगितलं आणि नोकरी सोडली. त्यानंतर सीबीआयने प्रकरण बंद करायची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली आणि न्यायालयाने ती पुन्हा पुन्हा नाकारली. जोमोन पुथेनपुरक्कल नावाचे कार्यकर्ते हटले नाहीत. २००८ मध्ये अटका झाल्या. साक्षी सुरू व्हायला ऑगस्ट २०१९ उजाडला. तोवर अभयाचे आईवडील दोघंही, २०१६ मध्ये, गेलेले होते.

२२ डिसेंबर २०२० ला तिरुवनंतपुरमच्या विशेष सीबीआय न्यायालयाने फादर थॉमस कोट्टूर आणि सिस्टर सेफी यांना दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेप दिली. नको ते अभयाच्या नजरेला पडलं म्हणून तिच्या डोक्यात घाव घातला आणि तिला विहिरीत टाकलं, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं. दोघांनीही आरोप नाकारले. जून २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत शिक्षा स्थगित ठेवून त्यांना जामीन दिला.

या सगळ्यात गोष्टीतली सिस्टर कुठे आहे, ते मी शोधलं. नाही सापडली. जिथे पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखता येतो अशा घरात रात्री एक मुलगी मेली, आणि घरातून कोणी पुढे आलं नाही. काहींनी आधी सांगितलं होतं ते न्यायालयात फिरवलं. त्यात भगिनीही होत्या. मग बोललं कोण? एक चोर. अडक्का राजू नावाचा हा माणूस त्या रात्री कॉन्व्हेंटच्या छपरावरच्या वीजरोधकाचं तांबं चोरायला आला होता. त्याने फादरांना तिथे पाहिलं आणि ते न्यायालयात सांगितलं. गुन्हा अंगावर घे म्हणून आपल्याला छळलं, पैशाचं आमिष दाखवलं, असं तो म्हणाला. तो बधला नाही. शुभवर्तमान वाचणाऱ्यांना चोराच्या तोंडून सत्य निघण्याचं नवल वाटायला नको. प्रभूच्या शेजारच्या क्रुसावरही चोरच होता आणि शिष्य पांगले होते. पण मला नवल वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

इथेच माझ्या हेरगिरीच्या हौसेला पहिली ठेच लागली. कोट्टयमचं प्रकरण अठ्ठावीस वर्षं रेंगाळलं ते कोडं अवघड होतं म्हणून रेंगाळलं का? चप्पल, बाटली, शिरोवस्त्र हे पहिल्या सकाळीच दिसलं होतं. अर्नाळकरांच्या झुंजारला त्यावर एक प्रकरणही रंगवता आलं नसतं. बुद्धी कमी पडली नाही. तिथे उभं राहून "मी पाहिलं" म्हणणारं माणूस कमी पडलं. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ती खर्चाच्या आणि हेलपाट्यांच्या भीतीने पडली असेल, पण तिच्या आडून आपण किती जणांना विहिरीत राहू दिलं आहे!

विहीर म्हटलं की मला कोट्टयमपर्यंत जावंही लागत नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याचा हा मुलूख, शेतागणिक विहीर. दवाखान्यात सेवा करताना वर्षात एखादी तरी बातमी कानावर यायची, अमक्याची सून पाणी शेंदायला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडली. मोटारी बसून जमाना झाला, शेंदायला कोणी जात नाही, तरी वाक्य तेच. पोलिसात अकस्मात मृत्यूची नोंद होते. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्याच्या चौकशीची तरतूद आहे, ती होतेही. पण चौकशीला उत्तर द्यायला शेजारी लागतात. मी अशा घरी भेटायला गेले आहे. आई रडत असते, सासू रडत असते, शेजारणी पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात. त्या शेजारणींना माहीत असतं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं की कळतं त्यांना माहीत आहे. मीही त्यांच्यातच सतरंजीवर बसून जपमाळ म्हटली आहे. ते सांत्वन होतं, खोटं नव्हतं. सांत्वनाच्या पलीकडे माझं काही काम होतं का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

फादर ब्राउनबद्दल एक गोष्ट मला पूर्वी फार आवडायची. कन्फेशनमध्ये माणसं त्याला पापं सांगतात म्हणून त्याला माणसाचं काळीज कळतं, आणि जे तिथे ऐकलं ते तो मरेपर्यंत सांगू शकत नाही. हे कुलूप खरंच आहे. चर्चचा नियम त्याबाबतीत लोखंडी आहे. परवा या प्रश्नावर बसले असताना ध्यानात आलं की आम्हा भगिनींना असलं कुलूप नाही. कोणी आमच्याकडे कबुली देत नाही. आम्हाला कसल्याच गुपिताचं धर्मबंधन नाही. आम्ही जे गिळतो ते आपल्या इच्छेने गिळतो. हे लक्षात आल्यावर बरीच रात्र झोप लागली नाही, कारण आजवर माझ्या गप्पपणाला मी नकळत एक पवित्र नाव देऊन ठेवलं होतं.

मग मनाने दुसरी वाट काढली. आज्ञापालनाचं व्रत आहे ना! पण तेही टिकत नाही. पापाची आज्ञा ही आज्ञाच नव्हे, हे आम्हाला नवशिकेपणीच शिकवतात. शिवाय असं झाकायला कोणी आज्ञा देत नाही. कोणी टेबलावर मूठ आपटून "खोटं बोला" म्हणत नाही. एवढंच म्हणतात, "आपण प्रार्थना करू या. वरिष्ठ बघतील." हे शब्द मी ऐकले आहेत, उच्चारलेही आहेत. वरिष्ठही कोणा वरिष्ठाकडे बघत असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे संस्थेला घराइतकंच लागू पडतं. फक्त संस्थेची मूठ मोठी, त्यामुळे आत जास्त मावतं.

कायदा मात्र फार साधं बोलतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९, आणि १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३, सांगतं की खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती जवळच्या पोलिसाला किंवा दंडाधिकाऱ्याला द्यावी. प्रत्येकाने. त्यात झगा घातलेल्यांना वगळलेलं नाही. चर्चनेही उशिरा का होईना, पाऊल उचललं. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ च्या आदेशाने लैंगिक अत्याचार आणि त्यावर पांघरूण घालणं, दोन्ही कळवण्याची सक्ती धर्मगुरूंवर आणि आमच्यासारख्या व्रतस्थांवरही केली, आणि कळवणाऱ्याला त्रास देऊ नये हेही त्यात लिहिलं. म्हणजे देवाचा आणि देशाचा, दोन्ही बाजूंचा कागद माझ्या बाजूने आहे. तरीही घसा कोरडा पडतो, तो का?

भीतीचंही परीक्षण करायला हवं, नाहीतर हे लिहिणं देखाव्याचं होईल. माझ्या आधार कार्डावरचा पत्ता या घराचा आहे. माझ्या नावावर जमीन नाही, शिल्लक नाही. दारिद्र्याचं व्रत मी आनंदाने घेतलं आणि अजून त्याचं ओझं वाटत नाही. पण उद्या या घराविरुद्ध बोलले तर संध्याकाळी जाऊ कुठे? भावाच्या घरी? भावजय दोन दिवस प्रेमाने वाढेल. तिसऱ्या दिवशी गावात कुजबुज सुरू होईल, सिस्टर परत कशाला आल्या? सप्टेंबर २०१८ मध्ये कोच्चीत पाच भगिनी उच्च न्यायालयाजवळ धरण्याला बसल्या होत्या. बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर अत्याचाराचा आरोप करणाऱ्या आपल्या भगिनीच्या पाठीशी त्या उभ्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने बिशपांना निर्दोष सोडलं. निकालाबद्दल माझं मत इथे कामाचं नाही. मला त्या पाचजणींचे चेहरे आठवतात. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा आमच्याकडे जेवणं चालली होती. कोणी काही बोललं नाही. कोणीतरी आवाज कमी केला. तो मी केला असेन की दुसऱ्या कोणी, मला आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेही मला सोयीचंच आहे.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा, कारण सत्य शोधणाऱ्याच्या अंगातही सैतान शिरू शकतो. सिस्टर सेफींना अटक झाली तेव्हा माझी पहिली इच्छा होती की त्या निर्दोष असाव्यात. अभयासाठी नव्हे, आमच्या झग्यासाठी. निकाल लागला तेव्हा मला बरं वाटलं, तेही अभयासाठी कमी आणि माझ्या मनातल्या गोष्टीला शेवट मिळाला म्हणून जास्त. मधल्या काळात वर्तमानपत्रांत काय काय छापून आलं आणि ते मी कसं वाचलं, ते आठवून कान गरम होतात. २००८ मध्ये तपासाच्या नावाखाली सेफींची कौमार्यचाचणी केली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आरोपी असली तरी बाईच्या शरीराची ही विटंबना आहे असं बजावलं. त्या चाचणीची बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला विटंबना दिसली नव्हती. मला पुढचं पान हवं होतं. रहस्यकथेची सवय असलेल्या मनाला पुरावा कसा मिळाला याच्याशी घेणं नसतं. गुन्हेगार ठरलेल्या बाईची लाज राखणं हेही विवेकाचं काम आहे, हे मला न्यायाधीशांनी शिकवलं. मठाने नाही.

आणि अभया? इतकी वर्षं मी "कोणी केलं" हेच वाचत होते. ती कोणता विषय वाचायला उठली होती, तिला कोणता जड जायचा, सुट्टीत घरी जायची तिची तारीख ठरली होती का, यातलं काही मला माहीत नाही, आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. रहस्यकथेत प्रेत पहिल्या पानावर येतं ते गोष्ट सुरू व्हावी म्हणून. कोट्टयमची पोरही माझ्या वाचनात तेवढ्याच कामाची होती.

आमच्या लोकांना एक मोठी सवलत आहे, क्षमेची. सिस्टर राणी मरिया मध्य प्रदेशात आदिवासींच्या कर्जबाजारीपणाविरुद्ध काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये, प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. मारणारा समुंदर सिंग तुरुंगात गेला. राणी मरियांची धाकटी बहीण, तीही भगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मरियांना धन्यवादित घोषित केलं. ही गोष्ट मी मुलींना कितीदा सांगितली असेन! पण सांगताना एक कडी मी सोडून देत असे. त्या राखीच्या आधी खटला झाला होता, माणसाचं नाव ठरलं होतं, त्याने काय केलं हे त्याला आणि जगाला माहीत होतं. ज्याचं नावच घेतलं नाही त्याला क्षमा कसली करणार? "जाऊ द्या, आपण क्षमा करू" म्हणून जे मठात, शाळेत, घरात मिटवलं जातं त्याला झाकपाक म्हणतात. ती बहीण झाकपाक करत नव्हती. तिने खुन्याच्या डोळ्यांत बघून राखी बांधली.

नाव घेणारं कोणी उरलं नाही की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यातच बघू. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला शाळेतून नेऊन मारलं. एका मुलीशी बोलतो एवढा संशय होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्यात शाळेतली माणसंही होती. मी शिक्षिका होते, त्यामुळे ही बातमी मला कोट्टयमपेक्षा जास्त टोचली. त्या शिक्षकांना मी मनात फार बोलले. गावात राहायचंय, बदली होईल, पोरंबाळं आहेत, ही त्यांची कारणं मला क्षुद्र वाटली. आता बघते तर माझी कारणं त्यांच्याहून वेगळी नाहीत, आणि मला तर पोरंबाळंही नाहीत.

काही वर्षांपूर्वीची एक छोटी घटना सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही. आमच्या वसतिगृहातली सातवीची मुलगी संध्याकाळी माझ्या दाराशी आली. गालावर चार बोटं उमटलेली. आमच्यातल्याच एकीने भात सांडला म्हणून तिला मारलं होतं. मी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, तोंड धुवायला पाणी दिलं. आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणाला सांगितलंस का?"

दुखतंय का, हा दुसरा प्रश्न होता.

पुढे ते प्रकरण नीट हाताळलं गेलं. मारणाऱ्या बाईंना समज मिळाली, पालकांना कळवलं, मुलगी दहावी करून गेली आणि दिवाळीला तिचा फोनही येतो. तेवढ्याने मला सुटका वाटायची. या उपवासकाळात मात्र त्या प्रश्नांचा क्रम डोळ्यांसमोरून हलला नाही. मी विचारपूर्वक तसं विचारलं असतं तर दोष एका संध्याकाळचा म्हणता आला असता. ते आपोआप निघालं. मठाच्या, शाळेच्या, घराच्या अब्रूने माझ्या तोंडात आधीच जागा घेऊन ठेवली होती. मुलीच्या गालाला नंतर यावं लागलं. कोट्टयमच्या त्या सकाळी विहिरीच्या काठाशी जमलेल्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला असेल, हे मला आता ओळखता येतं. त्यासाठी हेर व्हावं लागत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. माझ्या घरात असं काही घडलं तर कोणी केलं हे मला दुपारपर्यंत कळेल. कड्या, कप, चपला, जिन्यावरची पावलं सगळं सांगतील. साक्षीच्या पिंजऱ्यात मी उभी राहीन का, याची हमी आज माझ्याकडे नाही. राहावं अशी इच्छा आहे. इच्छा होणं आणि पाय उचलणं यांत किती अंतर असतं ते मला माझ्या प्रार्थनांवरून माहीत आहे.

आमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. तपासणीला येणारे साहेब त्याचा फोटो काढून नेतात. फोन मात्र ऑफिसात आहे, ऑफिसाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे असते. फोन बाहेर व्हरांड्यात, मुलींच्या हाताला येईल अशा उंचीवर लावावा, असं मी सुपिरिअरना लेखी कळवलं आहे. कागदावर तारीख घातली आहे आणि एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे.